सात रुपयांची नोकरी

सात रुपये महिना. मुंबई इलाख्याच्या फौजेतल्या साध्या शिपायाचा हा पगार जवळजवळ शंभर वर्षं जागचा हलला नाही. १८९५ मध्ये तो नऊ रुपये झाला. या सातांतच शिपायाने स्वतःचं पोट भरायचं, गणवेशातल्या काही गोष्टींचे पैसे द्यायचे आणि त्यातून उरलं तर घरी पाठवायचं. शेजारच्या बराकीतल्या गोऱ्या सोजिराला दिवसाला एक शिलिंग आणि वर रसद मिळायची. युद्ध लागलं की भत्ता मिळे. पण त्यासाठी मुलतान, कंदाहार, अबिसिनिया असं कुठेही जावं लागे आणि परत येण्याची खात्री नसे.

अशी ही नोकरी मिळावी म्हणून रत्नागिरी-कुलाब्याच्या खेड्यांतली आणि घाटावरची महार माणसं तीन-चार पिढ्या पलटणीच्या दारात उभी राहिली, आणि दार बंद झाल्यावर ते उघडावं म्हणून पुढची पन्नास वर्षं अर्ज करत राहिली. का, हे समजायचं तर सात रुपयांची तुलना गोऱ्याच्या शिलिंगाशी करून भागत नाही. ती गावातल्या त्यांच्या कमाईशी करावी लागते.

गावात महाराला पगार नव्हता, वतन होतं. वेशीवर राखण करायची, पाटलाचे सांगावे पोचवायचे, सरकारी अंमलदार आला की त्याचं ओझं पुढच्या गावापर्यंत न्यायचं, शेताच्या हद्दीच्या तंट्यात साक्ष द्यायची, कुणी वारलं की त्याची बातमी परगावच्या सोयऱ्यांना पायी जाऊन सांगायची, मेलेलं जनावर ओढायचं. या कामाला वेळ नव्हती. मध्यरात्री हाक आली तरी उठायचं, आणि घरचा माणूस आजारी असेल तर बायकोने किंवा पोराने त्याच्या जागी जायचं. मोबदला म्हणजे वतनाच्या जमिनीचा तुकडा, जो भाऊबंदकीत वाटून वाटून अंगणाएवढा झालेला. वर खळ्यावरचं बलुतं, आणि रोज संध्याकाळी दारोदार फिरून मागितलेली भाकरी. ती भाकरी हक्काची होती, हे कागदावर खरं आहे. पण हक्काची वस्तू जेव्हा उंबऱ्याबाहेर उभं राहून, आवाज देऊन, वरून टाकलेली झेलावी लागते, तेव्हा देणारा ती दान समजतो आणि घेणाऱ्यालाही हळूहळू तसंच वाटायला लागतं.

पलटणीत महिन्याच्या ठरल्या दिवशी हजेरीपटावरचं नाव मोठ्याने पुकारलं जाई. माणूस पुढे होई आणि मोजलेली नाणी घेई. मजुरी किती, हे आधी ठरलेलं. कामाची वेळ बिगुलावर ठरलेली. १८८० पासून पोस्टाची मनिऑर्डर सुरू झाली आणि ते पैसे गावच्या घरात पोचू लागले. गावात नाण्यांत कमावणारी घरं मोजकीच असत, त्यांत आता महारवाड्यातलं एखादं घर आलं. मला वाटतं, या सगळ्या कहाणीची किल्ली इथे आहे. सैन्यातला मोबदला थोडा होता, पण तो वेतन होता. अन्याय्य वेतनाविरुद्ध भांडता तरी येतं. बलुत्याविरुद्ध भांडायची सोयच नव्हती, कारण त्याची रक्कमच कधी कुणी सांगितली नव्हती.

कोरेगाव भीमाची लढाई आता दर वर्षी १ जानेवारीला इतक्या मोठ्या आवाजात आठवली जाते की तिच्याबद्दल शांतपणे लिहिणं अवघड झालं आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघालेली कंपनीची तुकडी, सुमारे पाचशे पायदळ, थोडे घोडेस्वार आणि दोन तोफा, सकाळी भीमेकाठी आली तेव्हा समोर पेशव्यांची मोठी फौज होती. दिवसभर अन्नपाण्याशिवाय गावात लढून कॅप्टन स्टाँटनची ती तुकडी टिकली आणि रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. कंपनीने तिथे दगडी स्तंभ उभारला आणि त्यावर मेलेल्या शिपायांची नावं कोरली. त्यांत ‘नाक’ शेवट असलेली नावं बरीच आहेत, ती महारांची. ही पलटण, मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी, पुढे ग्रेनेडियर्स म्हणून मान मिळवती झाली.

हे लोक इंग्रजांसाठी लढले, असा ठपका ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. त्या दिवशी पेशव्यांच्या बाजूने सर्वांत निकराने लढले ते अरब होते, आणि तेही पगारी होते. कंपनीच्या तुकडीत महारांबरोबर मराठे, मुसलमान, राजपूत होते, तोफखान्यावर मद्रासकडचे गोलंदाज होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं सैनिकी पेशाचं जग असंच होतं. जो वेळेवर पगार देईल त्याच्याकडे माणूस जाई. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तर थकलेल्या पगारासाठी शिपायांनी सरदाराच्या दारात धरणं धरणं ही नेहमीची बाब होती. कंपनी थोडे पैसे देत असे, पण वेळेवर देत असे. महारांच्या बाबतीत तिने आणखी एक दिलं, जे त्या काळी कुणीच देत नव्हतं. दगडावर, सर्वांबरोबर, नाव.

मुंबईची फौज बंगालच्या फौजेपेक्षा वेगळी होती. बंगालच्या पलटणींत अवध-बिहारकडच्या वरच्या जातींचा भरणा होता आणि त्यांचे सोवळ्या-ओवळ्याचे नियम अधिकाऱ्यांनी सांभाळले होते. मुंबईत एकाच कंपनीत मराठा, मुसलमान, परदेशी म्हणजे उत्तरेकडचा ब्राह्मण-राजपूत आणि महार शेजारी शेजारी उभे असत. बढतीची यादी एकच असे. त्यामुळे महार हवालदार होई, जमादार होई, सुभेदार होई, आणि त्याच्या हुकुमावर इतर जातींचे शिपाई कवायत करत. कवायतीचं मैदान संपलं की काय होई, ते निराळं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. पण दिवसाचे काही तास तरी हुद्दा जातीवर चढून बसलेला असे, आणि असे काही तास भारतात दुसरीकडे सहसा सापडत नसत.

त्यातून काय घडत होतं याचा एक दाखला मुंबईच्या फोर्टातल्या एका रस्त्याच्या नावात होता. आजचा हजारीमल सोमाणी मार्ग पूर्वी वॉडबी रोड होता. मेजर सिडनी वॉडबी १९ व्या मुंबई पायदळाचा अधिकारी. दुसऱ्या अफगाण युद्धात, १६ एप्रिल १८८० रोजी, कंदाहारच्या वाटेवरच्या दबराई ठाण्यावर सुमारे तीनशे जणांनी हल्ला केला. ठाण्यात वॉडबी होता आणि त्याच्याच पलटणीचे दोन शिपाई. हल्ला होणार हे आधी कळूनही ते मागे सरले नाहीत. तीन तास ठाणं लढवलं, काडतुसं संपली तेव्हा बाहेर पडून लढत मेले. त्या दोन शिपायांची नावं स्मृतिशिलेवर आहेत: इलाही बक्ष आणि सोननाक तन्नाक. रस्त्याला नाव मेजरचं मिळालं, हे ओघानेच आलं. पण मुसलमान आणि महार शिपायाचं नाव गोऱ्या मेजरबरोबर एकाच शिलेवर यावं, हीसुद्धा त्या काळात साधी गोष्ट नव्हती. बारा वर्षांनी सोननाकच्या पुतण्याला त्याच पलटणीच्या भरती-अधिकाऱ्याने दारातूनच परत पाठवलं असतं.

पगाराबरोबर आलेली दुसरी गोष्ट शाळा. फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती, आणि ती नावापुरती नव्हती. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी मालोजी सकपाळ असेच शिकले, लष्करी शाळेत शिक्षक झाले, मग महूला मुख्याध्यापक आणि सुभेदार-मेजर. त्यांचे वडील मालोजी फौजेत होते. सासरे लक्ष्मण मुरबाडकर सुभेदार-मेजर होते. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ ला रामजींना चौदावं अपत्य झालं, तेच पुढचे बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांनी पुढे लिहिलं आहे की लष्करी नोकरीमुळे महारांच्या घरांतून पुरुषच काय, बायकाही लिहा-वाचायला शिकल्या. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ होता त्याच्या पोरीला छावणीत मुळाक्षरं येत होती.

आणि मग १८९२ साल आलं.

याची तयारी आधीपासून चालू होती. १८५७ नंतर इंग्रजी लष्करशाहीत एक सिद्धान्त हळूहळू पक्का होत गेला की हिंदुस्थानातल्या काही जमातीच जन्माने लढवय्या आहेत आणि बाकीच्या नाहीत. पंजाबातले शीख, पंजाबी मुसलमान, पठाण, गुरखे हे लढवय्ये. मद्रास-मुंबईकडची माणसं दीर्घ शांततेने मऊ पडलेली. १८८० मध्ये अफगाणिस्तानात मैवंदला अयुबखानाने इंग्रजी ब्रिगेडचा धुव्वा उडवला. त्या ब्रिगेडमध्ये मुंबईच्या दोन पलटणी होत्या, आणि दोषाचा मोठा वाटा त्यांच्या पदरात आला. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स या सिद्धान्ताचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते. रशिया वायव्येकडून येणार हे भय होतंच. त्याच्यासमोर उंच, गोरटेली, उत्तरेची माणसं हवीत असं त्यांना मनापासून वाटे.

महारांच्या बाबतीत याला एक यांत्रिक कारण जोडलं गेलं, आणि ते फारसं सांगितलं जात नाही. मिश्र कंपन्या मोडून जातवार कंपन्या करायचं ठरलं. एक कंपनी मराठ्यांची, एक मुसलमानांची, असं. जुन्या मिश्र कंपनीत महार सहज सामावत होता. जातवार रचनेत त्याची स्वतंत्र कंपनी करावी लागली असती, आणि तशी कंपनी असलेल्या पलटणीत इतर जातींचे जवान येणार नाहीत अशी धास्ती होती. महार सुभेदाराला सलाम करणं पंजाबातून किंवा कोकणातून आणलेल्या नव्या जवानाला जड जाईल. सत्तर वर्षं जे चाललं ते आता चालणार नाही, असं अचानक ठरलं. ज्या फौजेने जातीला बराकीबाहेर ठेवायचा प्रयत्न केला होता, असं निदान मुंबईत म्हणता येत होतं, तिनेच आता जात हा भरतीचा पहिला रकाना केला. महारांची भरती बंद झाली. जे होते त्यांना निवृत्त होईपर्यंत ठेवलं. मुलगा बापाच्या पलटणीत जाण्याची जी वाट होती ती एका फर्मानाने संपली.

या निर्णयाविरुद्ध पहिला आवाज उठवला तो पेन्शनरांनी, आणि तो दापोलीतून उठला. स्थानिक लोक आजही दापोलीला ‘कॅम्प’ म्हणतात. कंपनीच्या काळापासून तिथे छावणी होती, आणि छावणी हलल्यावरही निवृत्त शिपाई तिथेच राहिले. हवेशीर गाव, गावकीची वेठ नाही, पेन्शन घ्यायला सोयीचं. अनेक सुभेदार, हवालदारांची घरं तिथे होती. गावकीबाहेर, स्वतःच्या पैशावर जगणारे, लिहा-वाचायला येणारे अस्पृश्य, अशी वस्ती त्या काळच्या महाराष्ट्रात दुसरी शोधून सापडणं कठीण.

गोपाळ बाबा वलंगकर या वस्तीतले. महाडजवळच्या रावढळचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, जोतीराव फुल्यांच्या सहवासातले. ‘दीनबंधू’त लिहायचे. ‘विटाळ विध्वंसन’ ही त्यांची पुस्तिका. त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ स्थापन केली आणि १८९४ मध्ये मुंबईच्या लष्करप्रमुखांना उद्देशून एक लांबलचक अर्ज तयार केला. अर्जातला युक्तिवाद गुंतागुंतीचा आहे. एकीकडे ते मूळ अनार्य रहिवासी. दुसरीकडे ते पूर्वीचे क्षत्रिय, जे दुर्गादेवीच्या दुष्काळात अभक्ष्य खाऊन खालावले. फुल्यांच्या शिष्याने असं का लिहावं, असा प्रश्न अभ्यासकांनी केला आहे. मला तो फारसा अवघड वाटत नाही. समोर वाचणारा अधिकारी ‘लढवय्या जमात’ नावाचा चष्मा घालून बसला होता. त्याला दिसेल त्याच भाषेत सांगणं भाग होतं. अर्जदार रोजगार मागतो तेव्हा तो मालकाच्या भाषेत बोलतोच.

या अर्जाचं पुढे काय झालं, यातही एक वेदना आहे. निवृत्त महार सुभेदारांपैकी अनेकांनी त्यावर सही करायला हात आखडला, कारण सरकारविरुद्ध सही केली तर पेन्शन बंद होईल अशी भीती होती. ज्या पेन्शनीने त्यांना गावकीच्या बाहेर काढलं, जगासमोर ताठ उभं राहण्याची ऐपत दिली, तिच्याच धाकाने त्यांचा हात अडला. त्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. पण ज्याच्या घरात दर महिन्याला येणारी ती रक्कम हीच गावाच्या भाकरीपासून वाचवणारी एकमेव गोष्ट आहे, त्याने ती पणाला लावावी असं सांगणाऱ्याने आधी स्वतःची पेन्शन पाहावी. रामजी सकपाळांनी या बंदीविरुद्धच्या अर्जासाठी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली, असं बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. उत्तर आलं नाही. भरती उघडली नाही.

हुद्द्याला बाहेर किती किंमत होती, हे १९०१ च्या सुमारास मसूर स्टेशनवर दिसलं. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहिला आहे, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत. निवृत्तीनंतर रामजी कुटुंबासह साताऱ्याला राहत होते आणि खटाव तालुक्यातल्या कोरेगावला, दुष्काळी कामावर तलाव खणला जात होता तिथे, खजिनदार म्हणून नोकरीला होते. मुलं सुट्टीत वडिलांना भेटायला निघाली. नव्या विलायती कापडाचे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे बूट. मसूरला उतरली तर न्यायला कुणी आलेलं नव्हतं. स्टेशनमास्तरांनी चौकशी केली. वडील सुभेदार, सरकारी कामावर, पोरं सुस्थितीतली. मास्तर गोड बोलत होते. ‘महार’ हा शब्द ऐकताच ते तिथून निघून गेले. बैलगाडीवाल्यांनी दुप्पट भाड्यालाही नकार दिला. अखेर एकजण तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, तो शेजारून चालणार. रात्रभर मुलांना प्यायला पाणी मिळालं नाही. जवळ जेवणाचे डबे भरलेले होते, पण पाण्याविना घास उतरत नव्हता. महाराणीच्या फौजेत चौदा वर्षं शाळा चालवलेल्या सुभेदाराची ही मुलं. वेतनाने कपडे घेता आले, बूट घेता आले, रेल्वेचं तिकीट घेता आलं. पाणी घेता आलं नाही.

फौज बंद झाल्यावर माणसं कुठे गेली? काही गावकीत परतली. अनेक मुंबईला गेली, गोदीत आणि गिरण्यांत. गिरणीत महारांना कताई खात्यात घेत, पण विणाई खात्यात नाही, कारण धोट्यातला धागा ओढायला विणकर तोंड लावत असे आणि इतर जातींचे विणकर त्यांच्याबरोबर काम करायला तयार नव्हते. विणाईत पगार जास्त होता. म्हणजे लष्करात जी सबब पुढे आली होती, सलामाची, ती गिरणीत धाग्याची झाली आणि दोन्हीकडे तिची किंमत पगारात मोजली गेली. काहीजण पुण्या-खडकीच्या छावण्यांत गोऱ्यांकडे बटलर झाले. शिवराम जानबा कांबळे त्यांच्यापैकी एक. पुण्याच्या मेसॉनिक लॉजमध्ये बटलर असलेला हा माणूस इंग्रजी वाचे, वर्तमानपत्र काढे (‘सोमवंशीय मित्र’, १९०८), आणि अर्ज लिहिण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने सासवडला ५१ गावांतल्या महारांना एकत्र आणलं. तिथून सरकारकडे गेलेल्या अर्जावर १,५८८ सह्या होत्या. १९१० मध्ये दुसरा अर्ज थेट लंडनला, भारतमंत्र्यांकडे गेला. मागण्या मोठ्या नव्हत्या. पोलिसात आणि फौजेत शिपाई म्हणून घ्या, खालच्या सरकारी नोकऱ्या द्या. कायदेमंडळात जागा मागण्याच्या त्या काळात, मोर्ले-मिंटो सुधारणांच्या वादात, कुणीतरी फक्त नोकरीत उभं राहायची जागा मागत होतं.

ती मिळाली, पण महायुद्धात माणसं कमी पडू लागल्यावर. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. पंचवीस वर्षांपूर्वी जे लढवय्ये नव्हते ते सरकारला आता लढवय्ये वाटू लागले. युद्ध संपलं, आणि १९२१ मध्ये ही पलटण मोडली. खर्चकपात हे कारण होतं. खर्च कमी करायचा झाला की कोणापासून सुरुवात करायची, हे तोपर्यंत ठरून गेलेलं होतं.

त्याच १९१७ साली बडोद्यात आणखी एक गोष्ट घडत होती. कोलंबियाची पदवी आणि लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास घेऊन परतलेले डॉ. आंबेडकर शिष्यवृत्तीच्या करारानुसार महाराज सयाजीरावांच्या नोकरीत रुजू झाले. पद होतं लष्करी सचिव. सुभेदार-मेजरचा मुलगा, संस्थानाचा लष्करी सचिव. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. पिण्याचं पाणी मिळत नसे. राहायला जागा मिळेना, पारशी खाणावळीत नाव बदलून राहावं लागलं आणि कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. काही दिवसांत ते मुंबईला परतले. वेतन मान देत नाही, याचा आणखी पुरावा हवाच असेल तर तो हा. मसूरच्या स्टेशनमास्तरापासून बडोद्याच्या कचेरीपर्यंत सोळा वर्षं गेली होती, आणि पगार कितीतरी पटींनी वाढला होता.

पण एक फरक पडला होता. आंबेडकर अर्ज घेऊन परतले नाहीत. १ जानेवारी १९२७ ला कोरेगाव भीमाच्या स्तंभाजवळ शिवराम जानबा कांबळ्यांनी सभा घेतली तेव्हा ते तिथे होते. अडीच महिन्यांनी, १९ आणि २० मार्चला महाडला परिषद झाली आणि चवदार तळ्यावर लोक गेले. तिथे जमलेल्यांत महायुद्धाहून परतलेले जवान होते, जुन्या पलटणींचे पेन्शनर होते. परतताना लोकांवर हल्ला झाला. लढाईचा अनुभव असलेली ही माणसं बदल्याला तयार होती. आंबेडकरांनी त्यांना थांबवलं, आणि ती थांबली. शिस्तीत उभं राहायला ती फौजेत शिकली होती. पुढे आंबेडकरांच्या समता सैनिक दलाला कवायत शिकवायला माजी सैनिकच होते.

१९२८ मध्ये आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात बदलाचं विधेयक आणलं. जुन्या बलुत्याऐवजी ठरलेली रक्कम मिळावी, हा त्याचा गाभा. म्हणजे पलटणीत मिळे तसं वेतन गावात. विधेयक मंजूर झालं नाही. १९३० मध्ये गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजांना तोंडावर विचारलं की तुम्ही येण्याआधी आम्हाला लष्करात प्रवेश नव्हता, आता तो खुला आहे का? स्वतःच्या वडील-आजोबांची गोष्ट त्यांच्या मनात असणार. आधी खुला होता आणि इंग्रजांनीच बंद केला, हे त्यांना नीट ठाऊक होतं.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसं कमी पडली. जुलै १९४१ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी कामठीला. मध्ये वीस वर्षं भरतीच झाली नव्हती, त्यामुळे जुन्या पलटणींतल्यासारखी हवालदार-सुभेदारांची तयार पिढी हाती नव्हती. इतर रेजिमेंटांतून अधिकारी आणावे लागले. टोपीच्या बिल्ल्यावर सुरुवातीला कोरेगावचा स्तंभ होता. या वेळी पलटण मोडली नाही. १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंट करण्यात आलं, आणि १९४७ च्या उन्हाळ्यात पंजाबात, जिथल्या माणसांसाठी १८९२ मध्ये महारांना बाजूला केलं होतं, तिच्या तुकड्या सीमेच्या दोन्ही बाजूंनी निर्वासितांचे काफिले राखत होत्या.

स्वातंत्र्यानंतर बिल्ल्यावरचा स्तंभ गेला आणि तिथे खंजीर आला. केंद्र सागरला गेलं. नाव तेच राहिलं, पण भरती बदलली. आज या रेजिमेंटमध्ये देशातल्या निरनिराळ्या प्रदेशांतले, निरनिराळ्या जातिधर्मांचे जवान आहेत, १८९२ च्या आधीच्या मुंबई फौजेतल्या मिश्र कंपनीसारखेच. के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख या रेजिमेंटने दिले. नोव्हेंबर १९८७ मध्ये श्रीलंकेत छातीत गोळी लागल्यावरही लढत राहून मेलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महार पलटणीचे. ते जन्माने मुंबईचे, घरचे तमिळ. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांना मिळालं, आणि सन्मानपत्रावर पलटणीचं नाव महार रेजिमेंट असं लिहिलं आहे.